सहाव्या वर्षीची दाढ आणि महिन्याचे अडीचशे रुपये

पत्र:

काकू, सादर नमस्कार. मी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते, घर मनीषनगरला. मुलगा सात वर्षांचा, मुलगी साडेतीनची. दिवसभर दोघं सासूबाईंजवळ असतात. मागच्या आठवड्यात रात्री दोन वाजता मुलगा गाल धरून रडत उठला. डॉक्टर म्हणाल्या, खालच्या डाव्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल करून टोपी बसवावी लागेल, साडेसहा हजार. शेजारच्या दाढेत फिलिंग, बाराशे. सासूबाई म्हणतात, ‘दुधाचे दात हायत, पडूनच जातात, काऊन पैसे घालवता?’ ह्यांचंही तेच. ब्रशवरून रोज सकाळी रडारड असते. मी चिडून ‘डॉक्टर सुई टोचतील’ म्हणते, एकदोनदा हातही उचलला. आता दवाखान्याचं नाव काढलं की तो पलंगाखाली जाऊन बसतो. धाकटीला अजून रात्री साखर घातलेलं दूध बाटलीने लागतं.

त्यातच ऑफिसात १ एप्रिलपासूनच्या डेंटल प्लॅनची निवड महिनाअखेरपर्यंत करायची आहे. एकात कुटुंबासाठी महिन्याला २५० रुपये पगारातून कापणार, कुठल्याही डॉक्टरचं ८० टक्के बिल परत, सगळ्यांचं मिळून वर्षाला १०,००० पर्यंत. रूट कॅनाल आणि टोपीला ९० दिवस थांबायचं. दुसऱ्यात महिन्याला ९९ रुपये, ठरलेल्या दवाखान्यांत तपासणी फुकट, उपचारांवर २० टक्के सूट; पण ते दवाखाने सदर आणि कामठी रोडला आहेत. कोणता घेऊ?

अजून एक. ह्यांना खर्र्याची, म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, सवय आहे. परवा मुलगा पन्नीत बिस्किटाचा चुरा घालून तळहातावर घोटत बसला होता. सगळे हसले. मला रात्री झोप आली नाही. मी वाईट आई आहे का?
– एक आई, मनीषनगर

उत्तर:

काकू म्हटलंस, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

आधी दाढ, प्लॅन नंतर. रात्री दोनला झोपेतून उठवणारी दाढ म्हणजे कीड आत दाताच्या नसेला जाऊन भिडली आहे. ती ९० दिवस थांबत नाही. तुझ्या मनात येऊन गेलं असेल, की एप्रिलला प्लॅन सुरू होईल, जूनअखेरपर्यंत कसंबसं काढलं तर ८० टक्के परत मिळतील. तसं करू नकोस. मध्येच दुखायचं थांबलं तर आणखी फसशील. नस मेली की दुखणं थांबतं, पू मात्र हाडात उतरत राहतो, आणि त्याच हाडात दुधाच्या दाढेखाली पक्क्या दाताचा कोंब वाढत असतो. त्याला धक्का लागला तर वर येणारा दात डागाळलेला, ठिसूळ निघू शकतो. गालाला सूज आली किंवा ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, रविवार असला तरी.

साडेसहा हजार एकदम काढणं जड असेल तर मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. लहान मुलांच्या दातांचा विभाग तिथे वेगळा आहे, पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात, आणि खर्च खासगीच्या मानाने फार कमी येतो. रांग असते, दोन-तीन फेऱ्या होतात, तुझ्या रजा जातील. हिंगणा रोडकडे खासगी दंत महाविद्यालयंही आहेत. कुठेही कर, पण ह्याच आठवड्यात कर, आणि शेजारचं फिलिंगही लगेहाथ उरकून घे.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. दुधाचे दात पडतात, पण सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, मागच्या दाढा दहा ते बाराव्या वर्षापर्यंत राहतात. तुझ्या मुलाच्या ह्या दाढेची अजून तीन-चार वर्षांची नोकरी बाकी आहे. चावणं हे एक काम झालं. दुसरं काम खालच्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवायचं. ती आधीच काढून टाकली की मागची दाढ पुढे सरकते, जागा खाते, आणि नवा दात वाकडा येतो नाहीतर हिरडीत अडकतो. दाढ वाचण्यासारखी नसलीच तर ती काढून जागा राखणारी तारेची कडी बसवतात, हे डॉक्टरांना जरूर विचार. नुसतं ‘काढून टाका’ म्हणून घरी येऊ नकोस.

हे मी इतक्या जोराने सांगते त्याला कारण आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना खालच्या उजव्या बाजूला, अगदी मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. मला वाटलं, दुधाची असेल, पडेल. लवंगाचं तेल लावलं. शेंगदाण्याची चिक्की खाताना तिचा तुकडा उडाला तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘ही पक्की दाढ आहे, सहाव्या वर्षी आलेली, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?’ दोन वर्षं डागडुजी चालली, अकराव्या वर्षी काढावी लागली. मी तेव्हा बुटीबोरीच्या एका कारखान्यात कार्मिक विभागात होते. शेकडो कामगारांचे मेडिक्लेमचे कागद माझ्या टेबलावरून जायचे, कुठल्या फॉर्मवर कुठे सही लागते ते मला तोंडपाठ होतं. आणि स्वतःच्या पोरीच्या तोंडात पक्के दात किती आहेत, ते मला माहीत नव्हतं. आज ती चौतीस वर्षांची आहे, अजून डाव्याच बाजूने चावते. जेवताना तिच्याकडे बघितलं की मला दरवेळी ते आठवतं.

म्हणून तुला आधी मोजायला शिकवते. आज रात्री मोबाइलचा टॉर्च लाव आणि मुलाच्या खालच्या जबड्यात मधोमधपासून एका बाजूला दात मोज. पडलेल्या दाताची रिकामी जागाही मोजायची. दुधाचे दात अर्ध्या जबड्यात पाचच असतात. सहावा जो दिसेल तो पक्का, आयुष्यभराचा. तो यायला आधी कुठलाही दात पडत नाही, मागे गुपचूप उगवतो, म्हणून आयांच्या लक्षातच येत नाही. अशा चार दाढा असतात, वर दोन, खाली दोन. तुझ्या मुलाच्या सातव्या वर्षी चारही आल्या असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांच्या माथ्यावर खोल रेघा असतात, ब्रशचे केस तिथे पोचतच नाहीत, आणि मुलांच्या पक्क्या दातांची कीड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. त्या रेघा पातळ लेप ओतून बुजवता येतात. त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, मशीनने कोरणं नाही, एका दाढेला काही मिनिटं लागतात. दाढ हिरडीतून पूर्ण वर आली की लवकरात लवकर करून घ्यायचं.

आता प्लॅन. तुझ्या निवडीचं उत्तर ह्या सीलंटपाशीच येऊन थांबतं.

नेहमीचा मेडिक्लेम आपण अचानक कोसळणाऱ्या मोठ्या खर्चासाठी घेतो. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार सहसा बसत नाहीत, अपघातात दात तुटून भरती व्हावं लागलं तरच. म्हणजे तो विमा आहे म्हणून दातांची सोय झाली, असं समजू नकोस. आणि तुझ्यापुढचे हे दोन प्लॅनही मेडिक्लेमसारखे नाहीत. पहिल्यात वर्षाला १०,००० च्या वर काही मिळायचं नाही. दुसरा तर विमाच नाही, सवलतीचं कार्ड आहे. दोन्हींत तू स्वतःचेच पैसे हप्त्याने भरून पुढे थोडे जास्त परत यावेत अशी आशा करतेस. तेव्हा भावनेवर जाऊ नकोस, पाटीवर हिशेब मांड.

रूट कॅनाल आणि फिलिंग आत्ताच खिशातून होणार, ते सोड. एप्रिलनंतर वर्षभरात काय लागेल? चार दाढांचं सीलंट, एकीचे ८०० धरू, म्हणजे ३,२००. दोन मुलांच्या सहा-सहा महिन्यांनी तपासण्या, एकीचे ३०० म्हणजे १,२००. तुझं क्लीनिंग १,०००. ह्यांच्या तोंडाची तपासणी ३००. एकूण ५,७००. हे दर मी अंदाजाने धरलेत, तू तुझ्या डॉक्टरांचे टाक.

पहिल्या प्लॅनमध्ये ह्याचे ८० टक्के, ४,५६० परत. तू भरलेस ३,०००. हातात १,५६० उरले. पण सीलंट त्यांच्या यादीत नसेल, तर २,५०० चे ८० टक्के, २,००० च परत येतात आणि तुझे हजार रुपये गेले. एका शब्दाने चित्र उलटतं, बघ. दुसऱ्या कार्डात १,५०० च्या तपासण्या फुकट आणि उरलेल्या ४,२०० वर ८४० सूट, मिळून २,३४०, तू भरलेस १,१८८, फायदा १,१५२. कागदावर बरं दिसतं. पण एप्रिल-मे-जूनच्या उन्हात दोन पोरं घेऊन मनीषनगरहून सदरला तू वर्षातून किती वेळा जाशील? पहिली फेरी होईल, दुसरी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून राहील. लहान मुलांचा दातांचा डॉक्टर घरापासून दहा-पंधरा मिनिटांवरच हवा, नाहीतर दुखेपर्यंत आपण जात नाही. ते कार्ड माझ्या मते नको.

पहिल्या प्लॅनबद्दल आज एचआरला मेल कर, तोंडी विचारू नकोस. सीलंट आणि फ्लोराइडचा लेप यादीत नाव घेऊन लिहिलेत का? आधीपासून असलेली कीड चालते, की पहिल्या वर्षी वगळली आहे? दहा हजारांच्या आत प्रत्येक उपचाराला वेगळी मर्यादा आहे का? ही शेवटची अट फार जणांना नंतर कळते. वर दहा हजार लिहिलेलं असतं आणि आत फिलिंगला पाचशेच्या वर देत नाहीत. उत्तरं लेखी आणि बरी आली तर हा प्लॅन घे. एका मुलाला एकदा इतकी कीड लागली की पुढच्या वर्षा-दोन वर्षांत आणखी लागण्याचा धोका जास्त असतो, आणि ९० दिवसांनंतर साडेसहा हजारांचं एखादं काम पुन्हा निघालंच तर ५,२०० परत येतील. वरच्या ४,५६० मध्ये मिळवलेस तरी दहा हजारांच्या आतच राहतात. उत्तरं वाईट आली, किंवा आलीच नाहीत, तर कुठलाच घेऊ नकोस. बँकेत महिना २५० ची एक वर्षाची आरडी उघड आणि ती मोडायची फक्त दातांसाठी. दात सरळ करायच्या तारांचा विचार करून प्लॅन निवडू नकोस. तो खर्च बहुतेक ठिकाणी सौंदर्याच्या खात्यात टाकून वगळलेला असतो. सासू-सासरे बसतात का तेवढं मात्र विचार, सासूबाईंना कवळी लागणार असेल तर उपयोग होईल.

प्लॅन घेतलास तर बिल जपून घे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, उपचाराचं नाव, तारीख आणि दाताचा नंबर. दातांना दोन आकडी नंबर असतात. पहिला आकडा ५, ६, ७ किंवा ८ असेल तर दात दुधाचा. १ ते ४ असेल तर पक्का. माझ्या मुलीची गेलेली दाढ ४६ नंबरची. तुझ्या मुलाची आत्ताची दाढ ७४ किंवा ७५ असणार. हा नंबर वाचता आला की कुठल्या दाताचं काय झालं हे तुझं तुलाच कळेल, कुणावर विसंबायला नको.

आणि आत्ताच्या बिलावर एप्रिलमधली तारीख टाकून द्या, असं डॉक्टरांना म्हणू नकोस. आमच्या कारखान्यात एका चांगल्या, सरळ माणसाने बायकोच्या बिलावरची तारीख महिनाभर पुढे करून घेतली होती. विमा कंपनीच्या माणसाने दवाखान्यात जाऊन रजिस्टर बघितलं. क्लेम तर गेलाच, वर खात्याची चौकशी लागली. तीन हजार रुपयांसाठी तो माणूस माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता.

आता घरातलं. तू वाईट आई नाहीस. नोकरी करून, रात्री दोनला उठून, पोराच्या खेळण्यातला खर्रा बघून झोप उडालेली आई आहेस. पण हात उचलणं थांबव, बाई. आणि सुईची धमकी आजपासून बंद. जो माणूस त्याचं दुखणं थांबवणार आहे त्यालाच आपण बागुलबुवा केलं, तर पोरगं पलंगाखाली जाणारच. त्याला जवळ घे आणि सांग, ‘मी रागात तसं बोलले, ते चुकलं. डॉक्टर शिक्षा म्हणून सुई देत नाहीत.’ सात वर्षांच्या मुलाला आईची माफी कळते.

दवाखान्यात जायच्या आधी डॉक्टरांना फोन करून सांग की मुलगा घाबरलेला आहे. लहान मुलांचे डॉक्टर आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. आरसा हातात देतात, हवेचा फवारा त्याच्या नखावर मारून दाखवतात. सकाळची वेळ घे, पोटात थोडं असू दे. ‘काहीच दुखणार नाही’ असं वचन देऊ नकोस. ते खोटं ठरलं की पुढच्या वेळी तुझ्यावर विश्वास राहत नाही. म्हण, ‘थोडं टोचेल, मग ओठ जाड-जाड वाटेल. नको झालं तर डावा हात वर कर, डॉक्टर थांबतील.’ घरी आल्यावर दोन-तीन तास त्याच्यावर लक्ष ठेव. बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ टम्म सुजतो. बधिरपणा जाईपर्यंत खायला काही नको. आणि ‘रडला नाहीस तर चॉकलेट’ हे तर नकोच. चिंचभवनच्या पुलावरून विमानं बघायला ने हवं तर.

ब्रशचं भांडण सकाळचं आहे, तर जोर रात्रीवर ने. सकाळी शाळेची बस, डबा, तुझी कॅब. त्या वीस मिनिटांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्री दातात राहिलेलं सगळ्यात जास्त नुकसान करतं. सकाळचा त्याने जमेल तसा करावा, रात्रीचा तू करून द्यायचा. हो, सात वर्षांच्या मुलालाही. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येईपर्यंत मुलांच्या हाताला मागच्या दाढा घासण्याइतकं वळण नसतं.

पलंगावर बस, त्याचं डोकं तुझ्या मांडीवर, तोंड वर छताकडे. बेसिनसमोर उभं करून समोरून घासायला गेलं की काही दिसत नाही आणि तो मान फिरवतो. मांडीवर सगळं तोंड उघड्या डब्यासारखं दिसतं. आधी पाच मिनिटं त्याला स्वतःला करू दे, मग ‘राहिलेलं मी शोधते’ म्हणून तू. ‘वरचे आधी की खालचे?’ एवढं त्याला ठरवू दे. ब्रश करायचा की नाही, हे विचारायचंच नाही. माझ्या नातवाला आम्ही पाढे लावले आहेत. एका कोपऱ्याला दोनचा, दुसऱ्याला तीनचा, मग चारचा, मग पाचचा. चार पाढे सावकाश म्हटले की दोन मिनिटं होतात. परवा तो तोंडात ब्रश असताना ‘चार साते अठ्ठावीस’ म्हणायचा प्रयत्न करत होता आणि माझ्या साडीभर फेस.

पेस्ट दोघांनाही वाटाण्याएवढी, फ्लोराइडची. नळीच्या मागे फ्लोराइडचं प्रमाण १००० पीपीएम किंवा थोडं वर लिहिलेलं असतं. थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. फ्लोराइडने दात खराब होतात असं तुला कुणी तरी सांगेल, कारण यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्याने मुलांच्या दातांवर डाग पडलेले आपण बघितलेत. तिथे ते वर्षानुवर्षं रोज पोटात जातं. वाटाण्याएवढी पेस्ट थुंकून टाकणं ही वेगळी गोष्ट आहे.

धाकटीच्या बाटलीचं मला मुलाच्या दाढेइतकंच वाटतं. गोड दूध तोंडात घेऊन झोपली की ते वरच्या पुढच्या दातांमागे रात्रभर साचतं. उद्या तिचा वरचा ओठ उचलून हिरडीलगत बघ, खडूसारखे पांढरे पट्टे आहेत का. कीड तिथून सुरू होते, आणि ह्या टप्प्यावर फ्लोराइडच्या लेपाने ती थांबवता येते. बाटली एका रात्रीत हिसकावू नकोस. आधी साखर बंद, मग रोज दूध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त, आठ-दहा दिवसांत नुसतं पाणी. दूध संध्याकाळी पेल्याने, ब्रशच्या आधी.

सासूबाईंशिवाय ह्यातलं काही होणार नाही. त्यांना चूक ठरवायला जाऊ नकोस. दिवसभर दोन पोरं सांभाळतात त्या. पुढच्या फेरीला त्यांना बरोबर ने, डॉक्टरांना म्हण, ‘आईंना एक्स-रे दाखवा.’ दुधाच्या दाढेखाली लपलेला पक्का दात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, की तुझी शंभर वाक्यं वाचतील. आणि त्यांच्याकडे एकच गोष्ट माग. गोड किती खाल्लं त्यापेक्षा कितीदा खाल्लं हे दातांना जास्त लागतं, कारण प्रत्येक वेळी तोंडात पुढचा अर्धा तास आम्ल राहतं. आता ऊन तापतंय. शरबताची बाटली दुपारभर हाताशी, चार-चार मिनिटांनी एक घोट, म्हणजे दातांना दुपारभर आंघोळ आम्लाची. शरबत द्या, पन्हं द्या, पण जेवणाबरोबर एकदाच; मध्ये माठाचं पाणी. बिस्किटाचा पुडा हाताला लागणार नाही अशा वरच्या फळीवर. संत्री भरपूर खाऊ देत, फक्त खाल्ल्या-खाल्ल्या ब्रश नको, अर्धा तास जाऊ दे. तान्ह्या पोळ्याला मुलांना घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो त्यातली चॉकलेटं काढून घेऊ नका, जेवण झाल्यावर एका बैठकीत खाऊ द्या.

राहिला खर्रा. तू हे पत्राच्या शेवटी लिहिलंस, मला वाटतं तुझ्या मनात ते सगळ्यात आधी होतं. त्या दिवशी सगळे हसले, ते कुणाच्या वाईटपणाने नाही. नागपुरात पन्नी घोटणारा हात आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्यात काही दिसेनासं झालंय. पोराने बाबाचा हात तंतोतंत उचलला. त्याला त्यात बाबा दिसतो, तंबाखू दिसत नाही.

ह्यांना भाषण देऊ नकोस. एक काम सांग: तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये घालून बघा. सहज गेली पाहिजेत. जात नसतील, किंवा हल्ली पोह्यावरची तर्री झोंबायला लागली असेल, गालाची आतली बाजू पांढरट-ताठ वाटत असेल, तर लगेच दंतवैद्याला दाखवायचं. सुपारीने गालाचं मांस आतून आवळत जातं, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे तिथेच कॅन्सर होण्याचा धोका असतो. तंबाखू काढून टाकला आणि नुसती सुपारी ठेवली तरी सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. आवळलेलं तोंड पूर्ववत होणं कठीण, पण सोडलं तर पुढचं थांबण्याची आशा असते. सोडायला मदत लागते, त्यात कमीपणा नाही. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडवण्यासाठीचा फुकट फोन आहे. माझ्या भावाने सोडला तेव्हा पहिले पंधरा दिवस खिशात बडीशेप आणि भाजलेली जवस ठेवायचा, आणि पानठेल्याचा चौक टाळून लांबच्या रस्त्याने घरी यायचा.

मघाच्या हिशेबात ह्यांच्या एप्रिलनंतरच्या तपासणीचे ३०० मी मुद्दाम धरलेत. पण पहिली तपासणी एप्रिलची वाट न बघता कर; मुलाला न्यायच्या दिवशीच त्यांची वेळ घे, त्याच खुर्चीवर, मुलाच्या आधी. बाबा तोंड उघडून बसलेला त्याला बघू दे.

एचआरचं उत्तर आलं की मला पाठव, यादी मी वाचून देते. महिनाअखेरला वेळ आहे, पण दाढेला नाही. त्या बिलावर ७४ लिहिलंय की ७५, तेही कळव.